रताळ्याच्या शेवया

पाकिटातून निघतात तेव्हा या कोरियन शेवया खाण्याजोग्या दिसतच नाहीत. राखाडी, ताठ, मोडायला गेलं तर टणकन उडणाऱ्या. आत असतं नुसतं रताळ्याचं सत्त्व. उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं राहिल्या की त्यातून आरपार दिसायला लागतं, आणि चिमटीत धरून ओढली तर शेवई ताणली जाते, पण तुटत नाही. इकडे आमच्या शहराजवळ शेंद्र्याला ह्योसंग ही कोरियन कंपनी ताणणारं स्पॅन्डेक्सचं सूत काढते; ताणाची हौस त्या देशाला जुनीच दिसते.

आईने पातेल्यात डोकावून निकाल दिला, "ही तर कुरडईची भाजी की गं!" खोटं नव्हतं. उन्हाळ्यात गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून कुरडया घालायच्या. एरवी त्या तळायच्या, आणि घरात भाजी नसेल त्या दिवशी गरम पाण्यात भिजवून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायच्या. सत्त्व तेवढं काढून घ्यायचं आणि त्याचा धागा ओढायचा, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. रताळं म्हटल्यावर तिने उपवासाला चालेल का हेही विचारलं. मग ओट्यावरचं मटण दिसलं.

या पदार्थाचं नाव जापचे. कोरियात ग्वांगहेगुन राजा (कारकीर्द 1608–1623) या पदार्थावर इतका खूश होता, की तो करून वाढणाऱ्या एका दरबाऱ्याला त्यापायी मोठं पद मिळालं म्हणे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आमचं शहर उभं राहत होतं, तेव्हाची ही गोष्ट. गंमत अशी, की राजाच्या त्या ताटात शेवया नव्हत्याच, होत्या नुसत्या भाज्या. शेवया विसाव्या शतकात पाहुण्या म्हणून आल्या आणि घरमालकीण होऊन बसल्या.

म्हणून माझं मत असं, की जीव भाज्यांत घालावा. आमच्या शहराला एका डेगेत सगळं एकजीव करायची सवय. नान खलियातून मसाला आणि मटण वेगळं काढून दाखवा म्हटलं, तर कुणाला जमायचं नाही. जापचेचा कारभार उलटा. प्रत्येक जिन्नस वेगळा परतायचा, ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढाच द्यायचा. कढई काळी पडू नये म्हणून फिक्या रंगापासून सुरुवात: आधी अंड्याची पातळ पोळी, मग कांदा, मग गाजर, सिमला मिरची, मग मशरूम. पालक उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचा, मुठीत घट्ट पिळायचा आणि लसूण-मीठ चोळायचं. मटणाचा नंबर सगळ्यात शेवटी. कोरियन लोक गोमांस घालतात. मी बोकडाच्या मांडीचा बिनहाडाचा तुकडा फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवते, म्हणजे सुरी सरळ चालते. पट्ट्या धाग्यांच्या आडव्याच कापायच्या. उभ्या कापल्या तर चावून चावून जबडा दुखतो. सोया सॉस, साखर, लसूण, मिरी लावून त्या मुरत ठेवायच्या.

तोवर ओट्यावर इतक्या ताटल्या झालेल्या असतात, की भांडी घासणाऱ्याने माझ्याशी बोलणं टाकावं. सगळं एकाच कढईत ढकलायचा मोह होतो. ढकलू नये. गाजराचा कुरकुरीतपणा आणि पालकाचा ओलावा एका कढईत नांदत नाहीत.

शेवटी परातीत सगळं तिळाचं तेल घालून हातानेच कालवायचं. तिकडचं हे तेल भाजलेल्या तिळाचं, गडद, खमंग वासाचं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही, म्हणून मी तीळ चांगले लालसर भाजते, अर्धवट कुटते आणि वरून मुठीने घालते.

तिखट म्हणून फक्त मिरी. मराठवाड्याच्या जिभेला ते पटायला वेळ लागतो. आईने पहिला घास घेतला, मान डोलावली आणि उठून ठेच्याची वाटी आणली. मीही घेतला. गोडसर शेवयांना ठेचा झकास लागतो, राजा काहीही म्हणो.