विझत आलेला निखारा

महाराष्ट्रातून दिल्लीत शिकायला गेलेल्या मुलांना तिथली थंडी खरी कळते ती घराबाहेर नव्हे, तर घरात. सोलापूरहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी जुन्या राजेंद्रनगरात आलेल्या एका तरुणाचेही तसेच झाले. डिसेंबरात तो गच्चीवर उन्हात बसून वाचत असे. जानेवारी २०२४ उजाडला आणि सूर्यच दिसेनासा झाला. धुक्याचा थर दुपारपर्यंत हटत नसे, भिंती तापत नसत आणि रात्री खोलीतली फरशी पायाला चावत असे.

अशा दिवसाला भारतीय हवामान विभाग ‘शीत दिवस’ म्हणतो. किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि कमाल तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली, ही त्याची मैदानी प्रदेशातील कसोटी. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर दिवसाचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश होते. सोलापुरात पहाटेचा पारासुद्धा इतका खाली क्वचितच उतरतो.

तरुणाची अडचण साधी होती. मुख्य परीक्षेच्या सरावासाठी रोज तीन तास उत्तरे लिहायची, आणि तासाभरात बोटे आखडून अक्षर बिघडायचे. खोलीतला जोडीदार नांदेडचा. दोघांनी पैसे जमवले आणि एका दुपारी चांदणी चौकातला भगीरथ पॅलेस गाठला. विजेच्या सामानाचा तो प्रसिद्ध बाजार त्या दिवशी हिटरांनी भरून गेला होता. लाल तापणाऱ्या कांड्यांचे, पंख्याने गरम हवा फेकणारे, तेल भरलेल्या पन्हाळीदार पट्ट्यांचे, असे सर्व प्रकार होते. प्रत्येक दुकानदाराचे म्हणणे एकच, आपला हिटर कमी विजेत जास्त गरमी देतो.

हे म्हणणे त्या तरुणाच्या गळी उतरेना. तार तापवून उष्णता देणारा कोणताही हिटर घेतला, तरी विजेची उष्णता होण्याचा हिशेब बदलत नाही. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल, आणि शेवटी तेवढीच उष्णता मिळते. स्वस्त हिटर असो वा महाग, या बाबतीत सारे समान आहेत. अपवाद फक्त थंडीतही चालणाऱ्या वातानुकूलकाचा. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतून उपसून आत आणतो, म्हणून एका युनिटात दोन-तीन युनिटांइतकी ऊब देऊ शकतो. भाड्याच्या खोलीत तो परवडणारा नव्हता.

मग फरक उरतो तो उष्णता जाते कुठे, याचा. पंख्याचा आणि तेलाचा हिटर आधी हवा तापवतो. ती हवा वर छताकडे जाते आणि फटींतून निसटते. खोली बंद राहणार असेल आणि बराच वेळ बसायचे असेल, तर ते ठीक. लाल कांडीचा हिटर मात्र अवरक्त किरणे सोडतो. समोर बसलेल्या माणसाला ती थेट मिळतात, मधली हवा फारशी न तापवता. ज्याला टेबलापाशी बसून लिहायचे आहे, त्याला खोली नको, स्वतःचे हात तापायला हवेत.

हिशेबही तेच सांगत होता. २००० वॅटचा हिटर रोज पाच तास चालवला तर दहा युनिटे जळतात. घरमालक युनिटमागे दहा रुपये घेत असे, म्हणजे महिन्याला तीन हजार. ४०० वॅटची एक कांडी चार तास लावली, तर दिवसाला सोळा रुपये. शिवाय २००० वॅटला जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह लागतो आणि खोलीतला प्लग होता ६ अँपिअरचा. अशा प्लगवर, किंवा बारीक तारेच्या एक्स्टेंशन बोर्डावर, मोठा हिटर लावणे म्हणजे भिंतीतली तार तापवणे. दोघांनी आयएसआय चिन्हाचा, कलंडला तर आपोआप बंद होणारा छोटा कांडीचा हिटर घेतला. पडदा आणि रजई त्याच्यापासून हातभर लांब ठेवायची, हेही ठरले.

तरुणाची आई फोनवर एकच काळजी बोलून दाखवी, “हिटरनं खोलीतला प्राणवायू संपतो म्हणे, बाळा.” तो संपत नाही. विजेच्या हिटरमध्ये काही जळतच नाही. घसा कोरडा पडतो त्याचे कारण वेगळे आहे. १० अंशांची हवा ८० टक्के दमट असेल आणि तीच २० अंशांपर्यंत तापवली, तर आतली वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांच्या आसपास येते. हवेची वाफ धरण्याची क्षमता वाढते, म्हणून ती त्वचेतला ओलावा ओढते. आईच्या भीतीत तथ्य होते, पण ते दुसऱ्या चुलीबाबत, आणि ते त्याला पुढे कळायचे होते.

वाचनालयात हिटर नेता येत नाही. तिथे मुले खिशातल्या ऊबपिशव्या वापरत. त्यांतली एकदाच वापरायची पिशवी म्हणजे चक्क गंज असतो. लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी, सक्रिय कोळसा आणि पाणी धरून ठेवणारे एक खनिज. वेष्टन फोडले की हवा आत जाते, लोखंड वेगाने गंजते आणि काही तास उष्णता मिळत राहते. हवाबंद पिशवीत परत ठेवली तर ती थांबते. दुसरी पिशवी पारदर्शक द्रावणाची. त्यात सोडियम अ‍ॅसिटेट असते. ते ५८ अंशांना वितळते, पण थंड झाल्यावरही द्रवच राहू शकते. आतली धातूची चकती टिचकावली की क्षणात स्फटिक बनतात आणि साठवलेली उष्णता बाहेर पडते. उकळत्या पाण्यात ठेवली की पिशवी पुन्हा तयार. तिसरी चार्ज होणारी. तिची बॅटरी १०,००० मिलिअँपिअर तासांची असली तर तीत सुमारे १३३ किलोजूल ऊर्जा मावते.

हा शेवटचा आकडा पाहून तरुणाला घरातली रबरी शेकपिशवी आठवली. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांवर येताना सुमारे १०५ किलोजूल देते. १५ अंशांचे पाणी ६० पर्यंत तापवायला युनिटाचा विसावा भाग पुरतो, म्हणजे पन्नास पैसे. जी उपयुक्तता दुकानात हजार रुपयांना मिळत होती, ती गावाकडच्या कपाटात पडून होती. फक्त उकळते पाणी भरायचे नाही, पिशवीला कापड गुंडाळायचे आणि ती अंगाखाली घेऊन झोपायचे नाही. ४४ अंशांचा स्पर्शही काही तास टिकला तर त्वचा भाजते. काश्मीरमध्ये कांगडी पिढ्यान्‌पिढ्या फेरनाच्या आत धरली जाते. तिच्या सततच्या शेकाने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाला वैद्यकात ‘कांगडी कर्करोग’ असेच नाव पडले आहे.

हात गार पडतात त्याचे कारण बहुधा हातांत नसते. धड गारठू लागले की शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा आखडून हृदय-मेंदूची ऊब राखते. त्यामुळे अंगात आणखी एक स्वेटर आणि डोक्याला कानटोपी घातली, तर बोटे आपोआप सैल होतात. हे कळले तेव्हा दोघा मित्रांनी रस्त्याकडेच्या पिंजाऱ्याकडून रजईतला कापूस पुन्हा पिंजून घेतला. सर्वांत चांगली खरेदी तीच ठरली.

एवढे सगळे जमले आणि तरुणाला वाटले, थंडीचा प्रश्न सुटला. तो त्याच्या खोलीपुरता सुटला होता.

गल्लीच्या फाटकावर रात्रपाळीचे चाचा बसत. दरभंग्याकडचे, पन्नाशी उलटलेले. लोखंडी घमेल्यात कोळसे पेटवून ते रात्र काढत. त्या रात्री धुके इतके दाट उतरले की उघड्यावर शेक पुरेना. साडेअकराला तरुण वाचनालयातून परतला तेव्हा फाटक बंद होते आणि पत्र्याच्या चौकीचे दारही. दोन-तीनदा थाप मारल्यावर चाचांनी कडी काढली. ते डोके धरून उभे होते. घमेले आत होते.

“थंडीनं डोकं जड झालंय, बेटा. मळमळतंय. दोन दिवस असंच आहे,” ते म्हणाले. आणि त्याच्या नजरेकडे पाहून पुढे म्हणाले, “धूर अजिबात नाही. धूर गेल्यावरच आत घेतो मी.”

धूर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत अनेकांचे प्राण घेते. धूर दिसतो तोवर माणूस खोकतो, दार उघडतो. धूर संपून निखारे लाल होतात तेव्हा खरे काम सुरू होते. तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तप्त कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, झोप, अशी त्याची पावले. झोपलेल्याला शेवटचे पाऊल कळतच नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून त्याची लक्षणे नोंदवून ठेवली. तरुणाच्या टिपणवहीत हे सारे एका ओळीत होते, परीक्षेत आले तर लिहिण्यासाठी. त्या दारात उभे राहीपर्यंत ती ओळ कोणाच्या तरी डोकेदुखीची आहे, हे त्याला सुचले नव्हते.

त्याने दार सताड उघडले, चाचांना बाहेर आणले, घमेले दूर ओढले आणि मित्राला हाक मारली. दोघे त्यांना रिक्षातून सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. बोटाला लावलेल्या यंत्राने प्राणवायू ९८ टक्के दाखवला. साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूचेच समजते, म्हणून कोळशाचा उल्लेख करणे महत्त्वाचे ठरले. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले आणि मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू सुरू केला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूत साधारण दीड तास. पहाटेपर्यंत चाचांचे डोके हलके झाले.

त्याच आठवड्यात, १४ जानेवारीला, दिल्लीच्या उत्तरेकडील अलीपूर भागातल्या खेडा कलां गावाची बातमी आली. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले आईवडील आणि त्यांची दोन मुले सकाळी उठलीच नाहीत. तरुणाने ती बातमी चाचांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्याच्या अभ्यासातली दुसरी एक ओळ कामी आली. दिल्ली परिसरातील हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या कृती आराखड्यात, उघड्यावर जाळणे टळावे म्हणून रहिवासी संघांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हिटर द्यावेत, अशी सूचना आहे. ती हवेसाठी लिहिली गेली, पण बंद चौकीतल्या माणसालाही ती वाचवते. दोघा मित्रांनी हिंदीत अर्ज लिहिला. संघाच्या सचिवांनी आधी वीजबिलाचा प्रश्न काढला. तरुणाने ४०० वॅटचा रात्रभराचा हिशेब कागदावर मांडला. दहा तासांना चार युनिटे. आठवड्याभराने हिटर आला.

तो बसवायला आलेल्या माणसाने एक्स्टेंशन बोर्ड लोंबता ठेवला होता. तरुणाने तार दाराच्या फटीतून काढून भिंतीला लावून घेतली आणि हिटरची जाळी चाचांच्या घोंगडीपासून दूर वळवली. घमेले चाचांनी टाकून दिले नाही. वीज गेली तर लागेल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि दिल्लीतही वीज जातेच. ते फक्त चौकीच्या बाहेर, भिंतीला टेकवून उभे राहिले.

हिटर घेताना किती वॅट, किती रुपये, किती वर्षांची हमी हे प्रश्न सगळेच विचारतात. त्याआधी दोन प्रश्न विचारायचे असतात. ही उष्णता जाणार कुठे, आणि तिच्यासोबत खोलीत आणखी काय येणार? वाचनालयातून परतताना तो तरुण अजूनही आधी फाटकाकडे पाहतो. घमेले बाहेर आहे ना, एवढे पाहून मगच जिना चढतो.