जात विचारायची लाज

भूल देणाऱ्या डॉक्टरने पेशंटला जात विचारू नये, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. दमा, बीपी, चालू गोळ्या, दारू, खर्रा सगळं विचारायचो; तेवढं एक टाळायचो. माझ्या या सभ्यपणाची किंमत मुकुटबनच्या एका कृषी केंद्रवाल्याने मोजली.

अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. श्वासनळीत नळी घालण्यासाठी स्कोलिन दिलं. हे औषध स्नायू लुळे पाडतं. रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचं विघटन करतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत असर उतरतो. इथे स्नायू सैल ठेवायला पुढचं औषध द्यावंच लागलं नाही. शंका तेव्हाच यायला हवी होती. टाके पडले, मी गॅस बंद केला. श्वास येईना. नाडी मात्र चढत गेली आणि डोळ्याच्या कडेने पाणी ओघळलं. माणूस जागा होता, फक्त हलू शकत नव्हता. घाईने गॅस पुन्हा सुरू केला. काही तास व्हेंटिलेटरवर ठेवल्यावर त्याचा श्वास आला. "हा श्वास का घेत नाही?" हे माझं वाक्य त्याने ऐकलं होतं.

रक्त तपासलं तर एन्झाइम जवळपास नव्हतंच. तिथे दुसरी चूक केली. फवारणीचे दिवस होते. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकं हेच एन्झाइम दाबतात आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक जीव गेले, तेव्हापासून आमचा पहिला संशय तिकडेच जातो. "दुकानातल्या औषधांनी झालं," असं सांगून त्याला सुट्टी दिली.

टाके काढायला आला तेव्हा सोबतचा भाऊ म्हणाला, "मोठ्या बहिणीलेही सिझरच्या वेळी असंच झालं होतं, साहेब. तुम्ही विचारलंच कुठं?"

हंगाम सरल्यावर पुन्हा तपासलं. एन्झाइम तेवढंच कमी, भावाचंही तसंच.

कुटुंब आर्य वैश्य. आंध्र-तेलंगणात मुळं असलेल्या या समाजात हा जन्मजात अभाव इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. पिढ्यानपिढ्या समाजातच लग्नं होत गेली, त्यात एक जनुकबदल टिकून राहिला. त्याचं वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. दक्षिणेतले भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी समाज विचारतात. पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला लागून काम करणाऱ्या मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आडनावाच्या शेवटच्या 'वार'वरून अंदाज बांधण्यातही अर्थ नाही. तशी आडनावं इथे अनेक जातींत आहेत.

आता आधी विचारतो, "घरात कुणाला भुलीनंतर श्वास यायला उशीर झाला होता का?" मग समाज विचारतो आणि का विचारतो तेही सांगतो. शंका असली की स्कोलिनऐवजी रोक्युरोनियम वापरतो. असा पेशंट निघाला तर 'स्कोलिन देऊ नये' असं कार्ड लिहून देतो आणि सख्ख्या भावंडांनाही तपासणीला बोलावतो. त्या कृषी केंद्रवाल्याच्या डिस्चार्ज कार्डावर मी लिहिलेलं 'कीटकनाशकाचा परिणाम' मीच खोडलं आणि खाली सही केली.