उचलीचं खातं

हायवेवर पुढे ट्रक आडवा आला की आपण काय म्हणतो, ते या अंकात छापता येणार नाही! इंडस्ट्रियल व्हिजिटच्या बसमधला सर्वांत शांत मुलगासुद्धा तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरचा उद्धार करतो. मला मात्र ते कधीच जमलं नाही. कारण माझं लहानपण ट्रकच्या सावलीत गेलं, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. सांगलीला आमच्या आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, ट्रान्सपोर्ट कंपनी होती. आता ती नाही.

आमच्या भागात मालवाहतूक करणाऱ्याला हुंडेकरी म्हणतात. आबा १९७४ साली हुंडेकरी झाले ते एका सेकंडहँड टाटा-मर्सिडीज गाडीवर. टेल्को आणि जर्मनीच्या डेम्लर-बेंझ यांचा १९५४ साली करार झाला होता, तेव्हापासून टाटांच्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी इंग्रजी 'टी' आला. आमची पहिली गाडी तारावाली. ड्रायव्हर तिला 'चांदणी' म्हणायचे. पुढे १९९० नंतरच्या काळात गाड्या अकरा झाल्या. अकरा ड्रायव्हर, तेवढेच क्लीनर आणि गणपती पेठेतल्या ऑफिसात बिल्ट्या फाडणारे एक दिवाणजी, एवढा संसार.

माल काय? सांगलीची हळद, तासगावचे बेदाणे, गूळ. पेठ नाक्याला हायवे धरायचा, कराड, सातारा, खंबाटकी, कात्रज, पुणे, खंडाळा करत जवळपास चारशे किलोमीटर मुंबई. आधी मशीदबंदरला आणि नंतर वाशीच्या मार्केटला. येताना मिळेल ते भाडं, खत, कापड, किराणा. गाडी रिकामी परत आणणं म्हणजे आबांच्या मते पाप होतं. मी लहान असताना गाड्या पाचच उरल्या होत्या, पण ताडपत्री सोडली की हौद्यातून येणारा हळदीचा वास मला अजून आठवतो.

आता गंमत बघा. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे सिस्टर मराठीत बोलू द्यायच्या नाहीत, आणि घरी आई-पप्पा 'सवय राहू दे' म्हणून इंग्रजीत बोलायचे. त्यामुळे माझं मराठी तयार झालं ते गाडीतळावर. फाळका, हौदा, टॉमी, खेप, बिल्टी हे माझे पहिले मराठी शब्द म्हटलं तरी चालेल. सहावीत निबंधात मी लिहिलं होतं, 'गाडीचे पाटे बसले.' मिसनी त्याला लाल गोल केला. आता मेकॅनिकलला आल्यावर त्या पाट्यांना लीफ स्प्रिंग म्हणतात आणि ते खरोखरच बसतात, हे सप्रमाण सिद्ध करू शकते!

ड्रायव्हरांना मी गावांवरून ओळखायचे. जतचे मामा, मिरजेचे चाचा, कवठ्याचे तात्या. बहुतेक जण दुष्काळी भागातले. शेतात पाणी नाही म्हणून स्टेअरिंग धरलेले. जतचे मामा १९८८ मध्ये क्लीनर म्हणून आले आणि तीन वर्षांत ड्रायव्हर झाले. सुट्टीत ते मला केबिनमध्ये बसवून कराडपर्यंत न्यायचे. त्यांचा एक नियम होता : ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणाऱ्यांबद्दल ते म्हणायचे, "त्यो डिझेल वाचवतोय आन् सोताला घालवतोय." तिसऱ्या वर्षी सरांनी ब्रेक फेड शिकवलं. भरलेल्या गाडीची सगळी ऊर्जा उतारावर ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होते, लायनर तापतात, पकड सुटते, म्हणून वजन इंजिनवर घ्यायचं. वर्गात मला मामाच दिसत होते.

चाचांकडून मला इंजिन कळलं. टाटाच्या त्या जुन्या इंजिनाला '६९७' म्हणतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गॅरेजात ऐकलं असेल. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. त्याच्या आधीचं ६९२, म्हणजे बोअर ९२. चाचा सातवी नापास. पण आवाज ऐकून कोणता इंजेक्टर मिसफायर करतोय ते सांगायचे. '१२१०' या गाडीचं नावही त्यांनीच फोडून दाखवलं. बारा टनांची गाडी आणि पुढच्या दहाला दहाने गुणलं की अंदाजे हॉर्सपॉवर. एवढं साधं गणित मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

हे सगळं छान छान झालं. पण आबांच्या कंपनीबद्दल लिहायचं तर दुसरी बाजूही लिहायला हवी. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम असं लिहिलं होतं. आमचे ड्रायव्हर सांगलीहून संध्याकाळी निघायचे आणि रात्रभर गाडी चालवून सकाळी मार्केट गाठायचे. पगार कमी, वर खेपेचा भत्ता. प्रॉव्हिडंट फंड नाही. मुलीचं लग्न, बोअरवेल, आजारपण निघालं की मालकाकडून उचल घ्यायची, म्हणजे आगाऊ पैसे. ती महिन्याच्या महिन्याला कापली जायची. उचलीचं एक लाल कापडाच्या बांधणीचं खातं होतं. त्यात प्रत्येक ड्रायव्हरचं एक पान. कंपनीला ड्रायव्हर किती देणं लागतो ते त्या खात्यात होतं. ड्रायव्हरला कंपनी काय देणं लागते, याचं खातंच नव्हतं. आबा वाईट नव्हते. सगळ्या अड्ड्यावर तीच रीत होती.

धंदा कसा बसला ते थोडक्यात सांगते. मोठ्या कंपन्यांच्या बारा आणि चौदा चाकी गाड्या आल्या, भाडं ठरवणं दलालांच्या हातात गेलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके बंद झाले. ज्या नाक्यांवर आमच्या ड्रायव्हरांनी आयुष्यातल्या कितीतरी रात्री रांगेत काढल्या, ते उठले तेव्हा आमच्या दोनच गाड्या उरल्या होत्या. २०१८ मध्ये ट्रकच्या वजनाची कायदेशीर मर्यादा वाढली, तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला आणि भाडी आणखी पडली. जून २०१९ मध्ये आबांनी दोन्ही गाड्या उभ्या केल्या.

आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ बुडाली. मामा आणि चाचांनी आदल्या रात्रीच येऊन, कोणी न सांगता, दोन्ही गाड्या मिरज रोडला उंचावर नेल्या म्हणून त्या वाचल्या. ऑफिस नाही वाचलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर पंचेचाळीस वर्षांच्या बिल्ट्यांचा लगदा झाला होता. उचलीच्या खात्याची नुसती बांधणी हातात आली.

आबा म्हणाले, जाऊ दे, उचल माफ. आता कोण कुणाला काय मागणार? पण पुढच्या रविवारी ड्रायव्हर स्वतःच आले. सहा जण. मामा म्हणाले, "आबा, माझ्याकडं अठरा हजार हायती. लिवून घ्या." मग एकेकाने आपापला आकडा सांगितला. कोणाचा सात हजार, कोणाचा बावीस. आबांना नीट दिसत नव्हतं, म्हणून नव्या वहीत मी लिहीत होते. तेव्हा मी चौदा वर्षांची.

सगळं लिहून झालं आणि चाचांच्या मुलाने, तो बी.कॉम. होता, हळूच विचारलं, "आबा, आणि ग्रॅच्युइटीचं काय?"

चाचा त्याच्यावर इतके ओरडले की आतून आजी बाहेर आली. आबांनी हात वर केला. म्हणाले, "बोलू दे त्याला. कायदा काय हाय ते सांग."

त्याने सांगितलं. १९७२ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही. महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मी वहीच्या मागच्या पानावर मामांचा हिशेब केला. पगार १४,०००, नोकरी ३१ वर्षं. उत्तर आलं २,५०,३८५ रुपये. त्यातून उचलीचे अठरा हजार वजा. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा कोणीच काही बोललं नाही. एकतीस वर्षं मामा समजत होते की ते देणेकरी आहेत.

रात्री घरात वाद झाला. पप्पा म्हणाले, "आपल्याकडे कागद नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत. कोणीच काही सिद्ध करू शकत नाही." पप्पांचंही चुकीचं नव्हतं, पुरात घराचंही नुकसान झालं होतं आणि माझी फी भरायची होती. आबा इतकंच म्हणाले, "कागद भिजलं म्हणून त्यांनी गाडी चालवलीच नव्हती, असं हुतंय व्हय?"

सहा ड्रायव्हर आणि दिवाणजी मिळून आकडा पंधरा लाखांच्या आसपास गेला. दोन्ही गाड्या विकल्या. पुरलं नाही, म्हणून कुपवाडचा गाडीतळाचा प्लॉट विकला. तीन हप्त्यांत पैसे दिले, शेवटचा २०२१ च्या दिवाळीत. मामांनी त्यातून शेतात शेततळं केलं. चाचांनी मुलाला दुकान काढून दिलं, ज्याच्यावर ते एवढे ओरडले होते त्यालाच!

सगळं गोड झालं असं मात्र नाही. हे फक्त शेवटपर्यंत राहिलेले सात जण. ऐंशी-नव्वदच्या काळात जे आले, दहा-बारा वर्षं गाडी चालवून गेले, त्यांचं काय? त्यांची पानं त्या लगद्यात होती. आबा कधी कधी मध्येच विचारतात, "तो आटपाडीचा ड्रायव्हर, चांदणीवर होता बघ, कुठं असंल गं?" कोणालाच माहीत नसतं. त्याचं पूर्ण नावसुद्धा आता आबांना आठवत नाही.

आपल्या कॅम्पसला हल्ली लॉजिस्टिक्स कंपन्याही येतात. प्रेझेंटेशनमध्ये गोदामं, जीपीएस, सॉफ्टवेअर सगळं झकास दाखवतात. इंटरव्ह्यूच्या शेवटी विचारतात ना, "तुम्हाला काही विचारायचंय का?" बहुतेक जण पॅकेज नाहीतर पोस्टिंग विचारतात. माझा प्रश्न ठरला आहे. तुमच्या गाड्या चालवणारी माणसं कोणाच्या पगारपत्रकावर आहेत, आणि त्यांची वर्षं कोण मोजतं?

नोकरी नाही मिळाली तर नाही. ६९७ उघडून जोडायला येतं मला.