खबऱ्याच्या रोलचे पैसे

हेरकथेत दोन प्रकारची मुलं असतात. एक हेर आणि एक खबऱ्या. हेर चांगल्या घरातला असतो. त्याला शाळा असते, सायकल असते, सुट्टी असते, आणि चौकशी करत कुठेही शिरण्याचा हक्क असतो. खबऱ्या वस्तीतला असतो. त्याला सगळं दिसतं, पण त्याचा अर्थ लावण्याचं काम त्याचं नसतं. तो येऊन सांगतो, शेवटच्या प्रसंगात त्याला एक शाबासकी मिळते, आणि गोष्ट हेराच्या नावाने संपते.

हे काही आपल्याकडचंच नाही. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत लंडनच्या रस्त्यावरची फाटक्या कपड्यांची पोरं दिवसाला एका शिलिंगवर त्याच्यासाठी माहिती काढतात. निदान तिथे रोजंदारीचा आकडा तरी लिहिलेला आहे. आपल्याकडे तोही नसतो.

मी ठाण्यात खोपटला राहते, वस्तीतल्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवते. समाजशास्त्रात एमए केलंय, त्यामुळे मी प्रत्येक गोष्टीत जात शोधते असा आरोप माझ्यावर नेहमी होतो. शोधावी लागत नाही, एवढंच माझं उत्तर असतं.

मराठीतला बालहेर म्हटलं की फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी त्याला फुरसुंगीतून उचलून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आणला. पोर किडकिडीत, डोकं तल्लख, सायकल भन्नाट. मी ही पुस्तकं नगर वाचनालयातून आणून वाचली आहेत आणि आजही अभ्यासिकेतल्या मुलांना देते. भागवतांची भाषा मुलांना धावायला लावते, त्याबद्दल वाद नाही. पण प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत जिथे जाईल तिथे बन्या फेणेला दार उघडं असतं. कुणी त्याला 'तू कुठला? कुणाचा?' असं त्या अर्थाने विचारत नाही. आमच्या अभ्यासिकेतला बारा वर्षांचा पोरगा एखाद्या सोसायटीच्या गेटवर कुतूहलाने पाच मिनिटं उभा राहिला, तर वॉचमन त्याचं नाव विचारतो. त्याच्या कुतूहलाला लोक संशय म्हणतात.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर फेणेची मालिका आली. त्यात फेणे झालेला सुमीत राघवन पुढे नाटक, मालिका, सिनेमा सगळीकडे दिसत राहिला. २०१७ साली आदित्य सरपोतदारांचा सिनेमा आला. त्यात अमेय वाघ फेणे होता. वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा हा विषय चांगला निवडला होता, आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर लक्षात राहणारा. पण मांडणी तीच होती. फेणे शोध लावतो आणि रस्त्यावर वाढलेला छोटा भुभू त्याला मदत करतो. सिनेमा बघून आल्यावर अभ्यासिकेतल्या मुलांनी खेळात फेणे कोण होणार यावर भांडण केलं. भुभू व्हायला कुणीच तयार नव्हतं. मुलांना समाजशास्त्र शिकवावं लागत नाही.

याच्या उलट एक उदाहरण मला नेहमी आठवतं. मी शाळेत असताना 'स्पाय किड्स' नावाचा अमेरिकन सिनेमा आला होता, २००१ सालचा. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ, मेक्सिकन मुळाचा. त्याने हेर असलेल्या कुटुंबाचं आडनाव कोर्तेझ ठेवलं. हॉलिवूडमध्ये जी माणसं बहुतेक वेळा माळी, मोलकरीण किंवा गुंड म्हणून दिसायची, त्यांच्या घरातली पोरं जग वाचवायला निघाली. त्याने त्यावर एकही भाषण दिलं नाही, फक्त आडनाव बदललं. पुढे या सिनेमाची लाट आली. कोडी बँक्स आला, आणखी आले. बजेट आणि दर्जा बऱ्याचदा घसरत गेला. त्यात हळूहळू एक सूत्र तयार झालं : लहानपणी गाजलेला, आता मिसरूड फुटलेला नट घ्यायचा. चेहरा ओळखीचा असतो, भाव उतरलेला असतो. शाळा, गॅजेट, एक पाठलाग, झालं काम.

हे सूत्र आता आपल्याकडे वेब सिरीजमध्ये आलंय. त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'हंड्रेड', एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये आलेली. रिंकू राजगुरू त्यात नेत्रा पाटील झाली आहे. सरकारी नोकरीतली साधी मुलगी, आपल्याकडे शंभरच दिवस उरलेत असं तिला कळतं, आणि लारा दत्ताने केलेली एसीपी सौम्या शुक्ला तिला आपली छुपी एजंट बनवते. आता बघा. अधिकारी शुक्ला, वापरली जाणारी पाटील. शुक्लाबाईंना पुरुषी खात्यात डावललं जातं, म्हणून त्या हुशारीने मरू घातलेली मुलगी निवडतात, कारण मरणाऱ्याला गमवायला काही नसतं. मालिका विनोदी आहे, रिंकू त्यात झकास आहे, काही प्रसंगांत ती लारा दत्तालाही मागे टाकते. पण ही हेर नव्हे. ही पगार नसलेली खबरी आहे, फक्त नायिकेच्या जागेवर बसवलेली.

रिंकूला 'विझत चाललेली' म्हणणं अन्यायाचं होईल, आणि मी म्हणत नाही. 'सैराट' २०१६ ला आला तेव्हा ती अकलूजची शाळकरी मुलगी होती. राष्ट्रीय पुरस्कारात तिची विशेष दखल घेतली गेली होती. सिनेमाने मराठीत शंभर कोटींची भाषा आणली. मग काय झालं? कन्नड रिमेकमध्ये तिलाच घेतलं. हिंदीत 'धडक' झाला तेव्हा आर्चीच्या जागी जान्हवी कपूर आली. शेजारी ईशान खट्टर, जो स्वतः २००५ साली हिंदी सिनेमात बालकलाकार होता. म्हणजे बालकलाकाराचा मोठा नट होण्याचा पूल असतो, मजबूत असतो, फक्त तो कुठल्या गल्लीतून सुरू होतो हे बघावं लागतं. त्या वर्षांत पेपरवाले मात्र रिंकूच्या दहावीच्या टक्क्यांची बातमी करत होते. कुठल्या स्टारच्या पोराच्या मार्कांची अशी चर्चा झाली?

'फँड्री'तला जब्या आठवा. करमाळा तालुक्यातल्या केमचा सोमनाथ अवघडे. पहिल्याच सिनेमात उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार. त्या पोराने शेवटी भिरकावलेला दगड आपल्या सगळ्यांच्या कपाळावर बसला, त्यावर आपण लेख लिहिले, परिसंवाद घेतले. त्यानंतर मराठी सिनेमाने त्याच्यासाठी किती भूमिका लिहिल्या? जब्याचा चेहरा त्यांना दुःख दाखवायला चालतो. रहस्य उलगडायला, प्रेमात पडून जिंकायला, हसवायला तो चेहरा 'सूट' होत नाही. 'सलाम बॉम्बे'च्या शफिक सय्यदलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तो पुढे बंगळुरूत रिक्षा चालवत होता. वांद्र्याच्या गरीबनगरमधला अझरुद्दीन 'स्लमडॉग'मुळे ऑस्करच्या मंचापर्यंत जाऊन आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पालिकेने त्याचं झोपडं पाडलं. डॅनी बॉयलने निदान ट्रस्ट काढून घर आणि शिक्षणाची सोय केली. ती दिग्दर्शकाची सदिच्छा होती, त्या मुलांचा कायद्याने ठरलेला हक्क नव्हता.

हे सगळं मी एवढं सविस्तर लिहितेय, कारण गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्या अभ्यासिकेत चालत आला.

घोडबंदर रोडला शूटिंगचे बंगले आणि स्टुडिओ आहेत, हे ठाणेकरांना माहीत आहे. तिथल्या एका वेब सिरीजसाठी आमच्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेतलं. मुलगा सातवीत. चेहरा बोलका, नक्कल करण्यात पटाईत. आईने मला अभिमानाने सांगितलं, "ताई, जासूसीचं पिक्चर आहे." रोल अर्थातच खबऱ्याचा. चहाच्या टपरीवरचा पोरगा, जो हिरोला सांगतो की काळी गाडी कुठे गेली. कपडे घरचेच घालून या म्हणाले. कपडेपटाचा तेवढाच खर्च वाचला.

तिसऱ्या दिवशी आई कामावर होती म्हणून मी सोबत गेले. सिरीजचा हिरो एकोणीस वर्षांचा. आठव्या वर्षापासून मालिका आणि जाहिराती केलेला मुलगा, चेहरा बघितल्याबरोबर ओळखला. दोन शॉटच्या मध्ये तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि आमच्या पोराकडे बघत म्हणाला, "दीदी, याचं अकाउंट वेगळं काढा हां. माझ्या पैशांतून पप्पांनी गाडी घेतली आणि मग विकली पण." हसत हसत म्हणाला. त्याला आता हिरोचे रोल येत नाहीत आणि लहान मुलाचेही येत नाहीत, म्हणून तो हे करत होता. त्याच्याबद्दल मला राग नव्हता. त्याच्याही वाट्याला कुणीतरी खबऱ्याचाच भाव लावला होता.

त्या रात्री पॅकअप एक वाजता झालं. आमचं पोर सकाळी अकरापासून तिथे होतं.

कायदा काय म्हणतो? बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा मनोरंजन क्षेत्रातल्या बालकलाकारांना सूट दिली गेली. २०१७ च्या नियमांनी त्या सूटीला अटी घातल्या. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस ठेवायचा. शिक्षण बुडू द्यायचं नाही. आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, जे त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील. अमेरिकेत हे १९३९ सालीच झालं होतं. चॅप्लिनच्या 'द किड'मधल्या जॅकी कूगनची सगळी कमाई आई आणि सावत्र बापाने उडवली, त्याच्या नावाने कॅलिफोर्नियात कायदा आला. तो चित्रपट १९२१ चा. एका पोराच्या लुबाडणुकीतून तिथे कायदा यायला अठरा वर्षं लागली. आपल्याला मात्र २०१७ पर्यंत थांबावं लागलं.

यातली मेख अशी की नियमातलं 'बालक' म्हणजे १४ वर्षांखालचं. चौदा पूर्ण झाली की मुदत ठेव नाही, पाच तासांची मर्यादा नाही. या किशोरवयीन हेरांच्या सिरीजमध्ये नेमकी हीच मुलं कामाला लागतात. त्यांच्या पैशाला कुणी राखणदार नाही. आमच्या पोराला चौदा पूर्ण व्हायला चार महिने होते.

मी को-ऑर्डिनेटरला परवानगीचा कागद मागितला. तो म्हणाला, "मॅडम, ते मोठ्या बॅनरला लागतं." असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. चार दिवसांचे सहा हजार ठरले होते, त्यातले त्याने स्वतःचं कमिशन कापून साडेतीन हजार आईच्या हातात दिले, तेही सव्वादोन महिन्यांनी. मुदत ठेव हा शब्द ऐकून तो खरोखर गोंधळला होता. नाटक करत होता असं मला वाटलं नाही.

मी म्हटलं, वहिनी, तक्रार करू. जिल्हाधिकारी कार्यालय काही लांब नाही, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. वहिनी धुणीभांडी करतात, चार घरची कामं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तक्रार केली की माझ्या पोराला परत कोण बोलावणार? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कागद दिसतो. मला तो टीव्हीत दिसला पाहिजे."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. आपल्या चळवळीतला एक सूर असा आहे की हे सगळं मायाजाल आहे, पोरांना अभ्यासाला बसवा. मला हे पटत नाही. जलसे, गाणी, तमाशा, नाटक, हे सगळं उभं करणारी आपली माणसं. वामनदादांच्या गाण्याने जी चळवळ वाढली तिने आज कॅमेऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या पोराला 'हे आपलं काम नाही' म्हणायचं? वहिनींना पोर दिसायला हवंय, हा काही हावरेपणा नाही. आपल्याला दिसू दिलं गेलं नाही, त्याचंच ते उत्तर आहे. बाबासाहेबांनी जातीबद्दल दाखवून दिलं होतं की ती केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे. सेटवर ती उतरंड कॉल शीटवर छापलेली मिळते : कुणाला गाडी घ्यायला येते, कुणाला घरचे कपडे, कुणाला व्हॅन, कुणाला प्लास्टिकची खुर्ची.

म्हणून माझी मागणी 'मुलांना काम देऊ नका' ही नाही. परवानगीचा कागद सेटवर लावा. पैसे थेट मुलाच्या खात्यात टाका. आणि २० टक्क्यांची अट १४ वरून १८ वर न्या. ती फक्त बालकलाकारांनाच लागू राहिली तर किशोरांच्या या स्वस्त सिरीजवाल्यांना मोकळं रान मिळतं. चौथी गोष्ट कायद्याने होणार नाही, ती आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी करायची आहे : हेर लिहा. वस्तीतली पोरगी, जी गायब झालेल्या शिष्यवृत्तीचा माग काढते. सफाई कामगाराचा मुलगा, ज्याला शहरातली प्रत्येक गल्ली ठाऊक आहे. यातला थरार कुठल्याही गुलमर्गपेक्षा कमी नाही, आणि खर्च तर त्याहून कमी.

सध्या एवढं झालंय. आमच्या पोराचं राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडलं. त्यात वहिनींनी स्वतःहून सातशे रुपये भरले, साडेतीन हजारांचे २० टक्के, हिशोब करून. निर्मात्याच्या नावाने मी पत्र लिहून दिलंय, त्यात उरलेली रक्कम आणि ठेवीची मागणी आहे. ते वहिनींच्या डब्यात रेशनकार्डाबरोबर घडी करून ठेवलंय. सही अजून व्हायची आहे. आणि घोडबंदरवरून पुन्हा फोन आलाय, या वेळी रोल पाकीटमाराचा आहे.