ओलावा आठ टक्के

टेक्स्टाइल इंजिनिअरिंग केलंय असं सांगितलं की समोरचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो. पुण्यातला असेल तर, "म्हणजे फॅशन डिझायनिंग का?" आमच्या कामरगावचा असेल तर, "मंग शिलाई मशीन चालवा लागते का बे?" पहिल्याला मी हसून नाही म्हणतो. दुसऱ्याला उत्तर देताना अडखळतो, कारण विचारणाऱ्याच्या स्वतःच्या वावरात कापूस उभा असतो.

कामरगाव म्हणजे वाशिम जिल्हा, कारंजा तालुका. सोयाबीन, तूर आणि कापूस. ब्रिटिश कंपनीने इथला कापूस बाहेर न्यायला मूर्तिजापूर ते यवतमाळ रूळ टाकले, तीच आपली शकुंतला रेल्वे, कारंजावरून जाणारी. म्हणजे कापूस पिकवायचा इथे आणि कापड व्हायचं दुसरीकडे, ही पद्धत माझ्या आजोबांच्याही आधीची. कॅप राउंडमध्ये इचलकरंजीच्या डीकेटीईत टेक्स्टाइलला नंबर लागला, तेव्हा मी त्या कापसाच्याच मागे निघालोय असं काही डोक्यात नव्हतं. बाबा मात्र खूश होते. "कापसाचं पोरगं कापसाचाच इंजिनिअर होते, चांगलं हाये," म्हणाले.

इचलकरंजीत पहिले काही दिवस झोपच लागली नाही. खोलीच्या मागच्या गल्लीत रात्रभर यंत्रमाग चालायचे, खटखट, खटखट. महिन्याभराने उलटं झालं. वीज गेली आणि माग थांबले की जाग यायची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे सगळं गावच मागावर उभं राहिलं. चहाच्या टपरीवर लोक सुताच्या भावावर बोलतात, आमच्याकडे पावसावर बोलतात तसं. धोटा, कांडी, बीम, सायझिंग हे शब्द मी वर्गाच्या आधी टपरीवर ऐकले.

पहिल्यांदा अभ्यास आवडला तो 'काउंट' शिकताना. ८४० यार्डांची एक लड. एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतात तितका सुताचा काउंट. चाळीसचं सूत म्हणजे एका पौंडात चाळीस लडी. हिशेब केला तर एक किलो सुतात जवळपास ६७ किलोमीटर धागा निघतो. मी त्या रात्री बाबांना फोन केला. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. कताईतली घट सोडली तरी २८ किलो सूत धरू. म्हणजे १,८०० किलोमीटरच्या वर.

"म्हंजे एका क्विंटलात मुंबईले जाऊन वापस येते?"

"येऊन वर उरते, बाबा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन् भाव?"

त्या प्रश्नाचं उत्तर चार वर्षांच्या एकाही पुस्तकात नव्हतं. पण ते का नाही, हे मात्र पुस्तकांतूनच हळूहळू कळत गेलं.

ओलाव्याचंच घ्या. कापूस हवेतली वाफ ओढतो आणि सोडतो. म्हणून सुताच्या व्यवहारात कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरायचा, असं ठरलेलं आहे. एकूण वजनाच्या भाषेत तो साधारण पावणेआठ टक्के होतो. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर कपात, बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, दोन्ही शास्त्राला धरून. फरक एवढाच की गिरणीच्या खात्यात हवा यंत्राने सांभाळलेली असते. दिवाळीनंतरच्या दवात पहाटे भरलेली गाडी कोण सांभाळणार? तोच कापूस सकाळी बारा टक्के दाखवतो आणि दिवसभर उन्हात पसरला की नऊ. पण पसरायला जागा लागते आणि थांबायला ऐपत.

दुसरा धडा कचऱ्याचा. मिलला सर्वांत त्रास कशाचा, तर प्लॅस्टिकच्या पोत्यांच्या धाग्यांचा. कताईतून, विणाईतून ते निसटून जातात. कापड रंगवलं की मग दिसतात, कारण त्यांना रंगच धरत नाही. अख्खा ताका नापास. प्रयोगशाळेत सरांनी असा एक पांढरा धागा चिमट्यात धरून दाखवला. खताच्या पोत्याचा होता. आमच्या घरी वेचलेला कापूस ज्या पोत्यांत भरतात, अगदी तसलाच. मिलवाले हे धागे शोधायला महागडी यंत्रं बसवतात. वेचणाऱ्या बायांना मात्र मजुरी किलोवर मिळते. स्वच्छ वेचला म्हणून कुणी रुपया जास्त देत नाही. मग स्वच्छ का वेचायचा?

२०२४-२५ला मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ आणि लांब धाग्याचा ७,५२१ रुपये होता. धाग्याच्या लांबीला निदान चारशे रुपये तरी मिळतात. निगुतीला काहीच नाही.

पदवीनंतर मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो. मिलच्या तीन पाळ्यांपेक्षा तिथला पगार जास्त होता आणि घरावर पीककर्ज होतं. "टेक्स्टाइलवाला कोडिंग कसं करणार?" असं ऑफिसात कुणी ना कुणी विचारायचंच. मला त्याची गंमत वाटते. ग्राफ पेपरवर विणीचं डिझाइन काढताना ताण्याचा धागा वर असेल तर चौकोन भरायचा, खाली असेल तर रिकामा ठेवायचा. म्हणजे एक आणि शून्य. जॅकार्डच्या मागाला १८०४ पासून भोकांची पुठ्ठ्याची कार्डं हेच सांगत आली, आणि बॅबेजने आपल्या यंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच घेतली. मी क्षेत्र बदललं असं लोक म्हणतात. मला तरी दोन्हींत नातं दिसतं.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क होतोय. सप्टेंबर २०२४मध्ये त्याची पायाभरणी झाली. आमच्यापासून अमरावती फार लांब नाही. शंभर-सव्वाशे वर्षं बाहेर जाणारा कापूस कदाचित घराजवळच कापड होईल. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांचा बारावीतला पोरगा विचारायला आला, "दादा, टेक्स्टाइल घेऊ का? का कॉम्प्युटरच घेऊ?"

मी त्याला पगाराचे आकडे सांगितले, दोन्हीकडचे, काही न लपवता. पाळ्यांचंही सांगितलं. मग म्हटलं, घेतलंस तर नुसतं मशीन शिकू नको. वावरातून निघालेला कापूस कापड होईपर्यंत किती हातांतून जातो आणि कुठल्या हातात किती पैसे राहतात, तेही बघ. आपल्याकडच्या पोरानं ते बघितलं पाहिजे, कारण पहिला हात आपला आहे.

त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "पण दादा, शिलाई मशीन तं नाही ना चालवा लागत?"