वाटणी, पण घर एकच

आमच्या घरात ‘वाटणी’ हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. बाबांच्या लहानपणी गावाकडच्या वाड्याची वाटणी झाली आणि दोन काकांचं बोलणं कायमचं थांबलं. त्यामुळे मी जेव्हा "डिस्कचं पार्टिशन करायचंय" म्हटलं, तेव्हा ते पटकन म्हणाले, "इथेही वाटणी?"

आम्ही वडोद्यात राहतो. निवृत्तीनंतर बाबा इथल्या मराठी घरांतली जुनी पत्रं आणि हस्तलिखित अंक स्कॅन करतात. ते सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर साठतं. त्यावर लिनक्स घालून मी घरगुती सर्व्हर केला आहे. त्यातल्या काही कागदांना नंतर वाळवी लागली. त्यांची आता स्कॅनच उरली आहेत.

विंडोजमध्ये आपण सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह पाहतो. लिनक्समध्ये अशी अक्षरं नसतात. सगळं ‘रूट’ या एका मुळापासून सुरू होतं आणि प्रत्येक पार्टिशन एखाद्या फोल्डरच्या जागी जोडलं जातं. या जोडण्याला ‘माउंट’ म्हणतात. मी बाबांना सांगितलं, "दार एकच राहील, फक्त प्रत्येकाचं माप वेगळं."

मापाचा उपयोग पावसाळ्यात कळला. स्कॅनरचा प्रोग्राम बिघडला आणि रात्रभर एकच तक्रार लॉगमध्ये लिहीत बसला. लॉग ‘व्हार’ या फोल्डरमध्ये जातात. सकाळपर्यंत तिथली ४० जीबी जागा भरली होती. पण ‘व्हार’ला स्वतंत्र पार्टिशन दिलेलं होतं, म्हणून भरलं ते तेवढंच. रूट मोकळं राहिलं, पत्रं सुरक्षित राहिली. लॉग पुसून प्रोग्राम दुरुस्त केला, काम पुन्हा सुरू.

जागेइतकेच नियमही महत्त्वाचे. ते ‘एफएसटॅब’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहितात. एका ओळीत सहा रकाने असतात, चौथा नियमांचा. तात्पुरत्या फाइलींच्या पार्टिशनला मी ‘नोएक्झेक’ लावलं आहे. तिथे ठेवलेला प्रोग्राम थेट चालवता येत नाही. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कला ‘नोफेल’ लावलं आहे. ती जोडलेली नसली तरी सर्व्हर अडून न बसता सुरू होतो. डिस्कची ओळख ‘एसडीबी’ अशा नावाने न देता यूयूआयडीने दिली आहे, कारण ही नावं पुढच्या वेळी अदलाबदल होऊ शकतात. फाइल बदलली की रीस्टार्ट करण्याआधी ‘माउंट -ए’ चालवून पाहायचं. चूक असेल तर तिथेच कळते.

बाबांच्या दृष्टीने मोठा नियम मात्र दोनच अक्षरांचा: ‘आरओ’, म्हणजे फक्त वाचा. आताशा त्यांचा हात थरथरतो. भलतंच बटण दाबलं जाऊन एखादं पत्र पुसलं जाईल, या भीतीने ते कॉम्प्युटरसमोर बसेनासे झाले होते. मी तपासून झालेल्या पत्रांचं पार्टिशन ‘आरओ’ केलं.

"म्हणजे मी ठरवलं तरी पुसता येणार नाही?"

"नाही बाबा. हवं तर करून बघा."

त्यांनी खरंच एक पत्र पुसायचा प्रयत्न केला. स्क्रीनवर नकार उमटला. बाबा मोठ्याने हसले. नवी पत्रं चढवायची असतात तेव्हा मी ते पार्टिशन थोडा वेळ लिहिण्यासाठी खुलं करते आणि काम झालं की पुन्हा बंद.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच बंद पडली तर तिचे सगळे भाग एकदमच जातात. म्हणून दर महिन्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेते आणि दुसरी बेंगळुरूला बहिणीकडे जाते.

हल्ली कोणी आपल्या आजोबांचं पत्र बघायला आलं, की बाबा स्वतःच खुर्ची ओढून बसतात आणि मला हाकही मारत नाहीत.