पाच मात्रांचा लहेरा

गिरगावात मामाकडे परदेशी रेकॉर्डी मोजक्याच होत्या. बोटीवरच्या नोकरीत बंदराबंदरांतून उचललेल्या. त्यांतली एक होती डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटची ‘टाइम आउट’. मामाला जॅझमधलं फारसं कळत नव्हतं, पण भजनात तबला वाजवून हाताला हिशेबाची सवय होती. पहिल्या बाजूवरचा पहिला तुकडा, ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’, सुरू झाला की तो बोटांच्या पेरांवर मोजायचा. दोन, दोन, दोन, तीन. “नऊ मात्रा रे! पायानं ठेका धरून दाखव बघू.” मी धरायला जायचो आणि दुसऱ्या आवर्तनात चुकायचो. ब्रुबेकने ती लय १९५८ साली इस्तंबूलमध्ये, रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून ऐकली होती, हे मला पुष्कळ पुढे समजलं. तेव्हा ती आमच्यासाठी फक्त एक खोड्याळ रेकॉर्ड होती.

त्या काळचं जॅझ बहुतेक चार मात्रांत चालायचं. ‘टाइम आउट’ १९५९ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा कोलंबिया कंपनीतल्या विक्रीवाल्यांना ती नकोच होती. लोकांच्या ओळखीची एकही चाल नाही, मात्रांचे हिशेब विचित्र, आणि मुखपृष्ठावर वादकांच्या फोटोऐवजी अमूर्त चित्र! पुढे हीच रेकॉर्ड दहा लाखांच्या वर खपली, आणि त्यातला ‘टेक फाइव्ह’ १९६१ मध्ये तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसला.

‘टेक फाइव्ह’ माझ्या वाट्याला नीट आला तो पुण्यात, कॉलेजच्या दिवसांत. हार्मोनियम शिकत होतो आणि एकल तबल्याला लहेरा धरायला मला हाक मारली जायची. हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच ते ठाऊक. चंद्रकंसातली सोळा मात्रांची एक ओळ तास-तासभर फिरवत राहायची. तबलावाला कायदा मांडणार, पलटे करणार, मध्येच लय आडवी घेणार, तिहाई अशी टाकणार की समेची जागा हलल्यासारखी वाटावी. तुम्ही हलायचं नाही. दाद त्याला. तुमच्या करंगळीला कळ लागली तरी भात्याचा हात सारखाच चालला पाहिजे. कार्यक्रमपत्रिकेत तबलजीच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘लहेरा’ असं लिहून पुढे तुमचं नाव, तेही जागा उरली तर.

अशाच एका गुरुपौर्णिमेनंतर खोलीवर येऊन मामाच्या रेकॉर्डवरून भरून घेतलेली कॅसेट लावली. पाच मात्रा, तीन आणि दोन अशा. ड्रमवर जो मोरेलो ठेका सुरू करतो, मग पियानो दोन स्वरसमूहांची एक छोटीशी ओळ धरतो, खाली यूजीन राइटचा बास, आणि वरून पॉल डेसमंडचा आल्टो सॅक्सोफोन ती सर्वतोमुखी झालेली चाल घेऊन येतो. सॅक्सोफोन थांबला की पियानोची पाळी येईल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ती येतच नाही. पियानो आपली तीच ओळ चालू ठेवतो आणि मोरेलो ड्रमवर बोलू लागतो. आधी दोनच घाव, मग मोकळी जागा, पुन्हा जोरकस घाव, मध्येच आवर्तन ओलांडून जाणारा तुकडा. पियानो ढळत नाही. मी उठून बसलो. हा तर सरळ लहेरा! आणि तो धरणारा माणूस दुसरातिसरा कोणी नव्हता. रेकॉर्डवर ज्याचं नाव ठळक छापलेलं होतं, तोच होता.

तेव्हापासून मी या चौघांच्या मागे लागलो. काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून सीडी घेतल्या, जुन्या मुलाखती वाचल्या. ब्रुबेक आणि डेसमंड यांचं क्वार्टेट १९५१ चं. सुरुवातीला क्लबांतल्या तुटपुंज्या बिदागीवर भागेना, म्हणून ब्रुबेकच्या पत्नीने, आयोलाने, कॉलेजांना पत्रं लिहायला घेतलं: आमचा कार्यक्रम ठेवता का? त्यातून गावोगावच्या कॉलेजांचे दौरे सुरू झाले आणि १९५४ ची ‘जॅझ गोज टू कॉलेज’ निघाली. १९५६ च्या अखेरीस मोरेलो आला. त्याचे ड्रम फार पुढे येतात म्हणून डेसमंड बिनसला, आणि हा राहिला तर मी जातो, इथवर गोष्ट आली. ब्रुबेकने मोरेलोला काढलं नाही आणि डेसमंडलाही जाऊ दिलं नाही. तीनेक वर्षांनी त्याच मोरेलोच्या पाच मात्रांच्या ठेक्यावर, त्याला ड्रम मनसोक्त वाजवता यावेत म्हणून, ‘टेक फाइव्ह’ची चाल रचली ती डेसमंडने.

१९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हे क्वार्टेट दौऱ्यावर पाठवलं. पोलंड, तुर्कस्तान, मग आपल्याकडे. मुंबईत ब्रुबेकने सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवलं. परतल्यावर ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ काढली, तिच्यात ‘कॅलकटा ब्लूज’ आहे. तो ऐकताना मला गंमत वाटते. राग नाही, तालाचं नाव नाही, पण खाली बास एका जागी तंबोऱ्यासारखा घोळत राहतो आणि मोरेलो ड्रम हातांनी वाजवतो. पाहुण्याने आपल्या घरातलं नेमकं काय उचललं ते कळतं.

यूजीन राइट कृष्णवर्णीय होता, बाकी तिघे गोरे. परदेशांत अमेरिकेची शान म्हणून मिरवलेली ही चौकडी १९६० मध्ये अमेरिकेच्याच दक्षिणेकडच्या कॉलेजांत वाजवायला निघाली, तेव्हा निरोप आले: बासवाला बदला. गोरा चालेल. ब्रुबेकने नाही म्हटलं. बहुतेक कॉलेजांनी कार्यक्रम रद्द केले, पैसे बुडाले. ही हकिकत मी वाचली ती चाळिशीत, कचेरीत माणसांच्या बदल्या आणि कपातीच्या याद्या करण्याच्या दिवसांत. यादीत कोणाचं नाव घालणं किती सोपं असतं ते रोज पाहत होतो. ‘टेक फाइव्ह’मधला पियानो त्यानंतर मला निराळा ऐकू येऊ लागला. ज्या माणसाने ती ओळ पाच मिनिटं न हलता धरली, त्याच माणसाने हा नकारही धरला होता. एकल वादनाची हौस त्यालाही होती; ‘ब्लू रोंडो’त तो पोटभर वाजवतो. पण दुसऱ्याची पाळी आली की आपण पाया व्हायचं, ही त्याची शिस्त होती. जाहिरातीत नाव आपलं असलं तरी.

राइट आल्यापासून हे चौघे जवळजवळ दहा वर्षं एकत्र राहिले. सततचे दौरे आणि वर्षाकाठी एकाहून अधिक रेकॉर्डी. जॅझमध्ये माणसं मोसमागणिक बदलतात, त्या मानाने हे दुर्मीळच. मग ब्रुबेकला घरी राहून मोठ्या गायनवृंदांसाठी रचना करायच्या होत्या, म्हणून १९६७ च्या डिसेंबरात त्यांनी थांबवलं. भांडण होऊन नव्हे. डेसमंड १९७७ मध्ये गेला, जाताना आपल्या रचनांच्या मानधनाचे हक्क अमेरिकन रेड क्रॉसला देऊन. एका ड्रमवाल्यासाठी बांधलेली चाल आता कुठल्या तरी पुरात तंबू उभे करायला उपयोगी पडत असेल.

मी लहेरा अजूनही धरतो, फार मागितला तर. ‘लहेऱ्यात काय आहे, सोलो कधी?’ असं शिकणारी पोरं विचारतात, तेव्हा त्यांना उपदेश करत नाही. ‘टेक फाइव्ह’ लावून फक्त पियानो ऐकायला सांगतो. बहुतेकांचं लक्ष दोन मिनिटांत ड्रमकडे जातं, आणि ते रास्तच आहे. लहेरा चोख असला की त्याच्याकडे लक्ष जाऊच नये. माझी खोड मात्र आता जायची नाही. कुठल्याही मैफलीची पत्रिका हातात आली की मी आधी सगळ्यात खालची ओळ वाचतो.